पाय फुटलेली बाई

नीला देवस्थळी नवऱ्याचं जयनगरातलं घर सोडून चामराजपेटेत भाड्याच्या खोलीत राहायला गेली, तेव्हा बंगळूरच्या मराठी मंडळींत तिच्याबद्दल एक वाक्य फिरलं: पाय फुटले तशी गेली. बायका ते हळदीकुंकवाला म्हणत, पुरुष मंडळात कॅरम खेळताना. ज्यांना जास्त झोंबलं होतं ते पुढं जोडत, की ज्या नवऱ्यानं वर्षभर हगणं-मुतणं काढलं, त्याच्याच तोंडावर दार आपटून गेली. दार तिनं आपटलं नव्हतं. एका हातात काठी आणि दुसऱ्यात पिशवी असताना दार आपटता येत नाही. ते चंद्रकांतनंच मागून लावून घेतलं होतं, तेही हळू. बाकीचं मात्र खरं होतं.

लग्नानंतर दोन वर्षांनी दोघं नागपूरहून इकडं आले. चंद्रकांत एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता. मुलगी मुग्धा शाळेत जायला लागल्यावर नीलाही दुसऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात लागली. चंद्रकांत माणूस वाईट नव्हता. मंडळाचा चिटणीस, कुणाकडं मयत झाली तर पहिला हजर, कुणाच्या पोराला कॉलेजात प्रवेश हवा असला तर स्कूटर काढून निघणारा. फक्त आपलं चुकलं हे त्याच्या तोंडून कधी निघत नसे. त्यानं लक्ष ठेवलेलं दूध उतू गेलं तर शेगडी भिकार असे, गाडी चुकली तर रिक्षावाला मुद्दाम हळू चालवणारा असे. नीलाला हे लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं आणि तिनं त्याची फारशी फिकीर केली नव्हती. उतू गेलेलं दूध पुसून टाकता येतं.

चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत, एका रविवारी, ते चंद्रकांतच्या ऑफिसातल्या एकाकडं वास्तुशांतीला गेले. घर सर्जापूर रोडवर होतं. तेव्हा तिकडं शेतं, विटांच्या भट्ट्या आणि मधूनमधून एखादं नवंकोरं एकटं घर. पंगतीत कुणीतरी विचारलं, देवस्थळी, तुम्ही इथं जागा का नाही घेतली? चंद्रकांत म्हणाला, कागदपत्रं साफ नव्हती. नीला वाढता वाढता म्हणाली, "कागदपत्रं साफ होती, ह्यांचं मन साफ नव्हतं. सहा महिने विचारच करत बसले." लोक हसले. चंद्रकांतही हसला.

परतताना स्कूटरवर तो हसत नव्हता. चार लोकांत नवऱ्याची शोभा करायची हौस फार आहे तुला, असं त्यानं सुरू केलं. पुढं विटांनी भरलेली लॉरी होती, तिच्या मागं धूळ. तो तिला ओलांडायला बाहेर आला. नीलाला समोरून बस येताना दिसली. ती म्हणाली, "राहू द्या, समोरून गाडी येतेय." तो म्हणाला, "मला स्कूटर शिकवू नकोस." आणि हे म्हणताना त्यानं मान मागं वळवली. एवढंच झालं. मान पुढं वळेपर्यंत बस अंगावर आली होती. त्यानं स्कूटर आत घातली, ती लॉरीच्या बाजूला घासली, चंद्रकांत मातीत फेकला गेला आणि नीला लॉरीच्या मागच्या चाकाशी.

चंद्रकांतचं कोपर खरचटलं. नीलाचा डावा खुबा, मांडीचं हाड आणि कंबरेच्या हाडाची कड मोडली. पायाच्या पंजाला जाणारी शीर अशी चेंगरली की तो पंजा पुढं कधी तिच्या हुकमात आला नाही.

शुद्धीवर येऊन माणसं ओळखू लागली, तेव्हा तिनं पहिल्यांदा ऐकलं ते कुत्र्याबद्दल. मंडळातल्या सुनंदाताई फाटक खाटेशी बसून दुसऱ्या कुणाला तरी सांगत होत्या. "कुत्रं आडवं आलं हो. त्याला वाचवायला गेले आणि हिच्यावर बेतलं." नीलाला वाटलं, औषधाच्या गुंगीत आपण भलतंच ऐकतोय. पण मग डॉक्टरही तेच म्हणाले. फोनवर चंद्रकांत मुग्धाला तेच सांगत होता. ती पुण्याला इंजिनिअरिंगला होती. नीला वाट पाहत राहिली. लोक गेले की बोलेल. आज नाही तर घरी गेल्यावर बोलेल.

घरी आल्यावर चंद्रकांतनं जे केलं, ते कुणीही तोंडात बोट घालावं असंच होतं. नर्स ठेवायला तो तयार नव्हता. रजा संपल्यावरही सकाळी पाचला उठून तो भांडं द्यायचा, पुसायचा, पाठीला पावडर लावायचा, कूस बदलून द्यायचा. तिचे केस तो इतके सावकाश विंचरायचा की एकही ओढला जात नसे. पहिल्या दिवसांत तिला शरमेनं रडू यायचं, तर तो म्हणायचा, "अगं, माणूसच माणसाचं करतं." आणि ते मनापासून म्हणायचा. नीलाला त्या हातांचा आधार वाटत असे, हेही खरं. रात्री पाय ठणकू लागला की ती त्यालाच हाक मारायची. दुसरं कोण होतं?

पण भेटायला लोक येत. जिना चढून आले की खुर्चीत बसत आणि चंद्रकांतनं चहा करून आणला की ते त्याच्याकडं बघत आणि मग नीलाकडं. "नशीब काढलंत हो वहिनी." सुनंदाताई तर म्हणाल्या, "असा नवरा मिळणार असेल तर मी सुद्धा पाय मोडून घेईन." सगळे हसले. मग कुणीतरी विचारायचं, झालं कसं म्हणायचं हे, आणि चंद्रकांत सांगायला बसायचा. कुत्रं तपकिरी होतं. पुढल्या महिन्यात त्याच्या एका कानावर पांढरा डाग आला. उन्हाळा संपता संपता ते कुत्रं नव्हतंच, पिल्लू होतं, आणि त्याची आई रस्त्याच्या पलीकडं उभी होती. नीला छताकडं बघत पडून असायची. एकदा तिनं तोंड उघडलं होतं. "अहो, लॉरी..." ती म्हणाली. चंद्रकांत पाहुण्यांकडं वळून हळूच म्हणाला, "डोक्यालाही मार होता तिच्या. अजून गोंधळते कधी कधी." त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली. त्यानंतर तिनं लोकांसमोर तो विषय काढला नाही.

हाडं जुळल्यावर व्यायाम करून घ्यायला हयवदन राव येऊ लागले. पन्नाशीचा, चिडका माणूस. नीलाचा पाय वर उचलून धरायचे आणि दुसऱ्या हातात घडी घातलेलं कन्नड वर्तमानपत्र वाचायचे. ती कळवळली तर म्हणायचे, "दुखेल. स्वल्प आणखी." कौतुक नाही, धीर नाही. आपल्या भाडेकरूच्या तक्रारी मात्र सांगायचे. नीलाला ते घरात आलेले बरे वाटायचे. त्यांना ती बिचारीही वाटत नव्हती आणि भाग्यवानही.

त्यांनीच तिला वॉकर धरून उभं केलं. पंजा लोंबू नये म्हणून गुडघ्याखाली कॅलिपर बांधायला लावला, पट्ट्या कशा आवळायच्या ते दाखवलं. खाटेपासून दारापर्यंत, दारापासून न्हाणीपर्यंत. ज्या दिवशी ती एकटी न्हाणीत जाऊन कडी लावून आली, त्या दिवशी तिला वाटलं, आता संध्याकाळी हे घरी आले की सांगावं. तिनं सांगितलं. चंद्रकांतच्या चेहऱ्यावर आनंद आला, पण जरा उशिरा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना त्यानं वॉकर उचलला आणि माळ्यावर टाकला.

"हे काय?" नीलानं विचारलं.

"मी नसताना उठायचं नाही. पडलीस म्हणजे?"

"राव म्हणालेत, दिवसभर चालायला हवं."

"रावांना काय जातं म्हणायला. पडलीस तर निस्तरायचं मला आहे. संध्याकाळी मी आलो की चाल हवं तेवढं."

दुपारी कामवाली आली तेव्हा नीलानं तिला वॉकर काढून द्यायला सांगितलं. ती म्हणाली, साहेब नको म्हणून सांगून गेलेत. कामवाली गेल्यावर नीला खाटेच्या कडेला सरकली. मग ती जमिनीवर उतरली. उतरली म्हणजे घसरली. चांगल्या पायानं रेटा देत, बुडावर सरकत, भिंतीच्या कडेनं स्वयंपाकघरापर्यंत गेली. जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून तिला धरून उभं राहायला एवढा वेळ लागला की घाम डोळ्यांत उतरला. पण राहिली उभी. मग खुर्ची पुढं ढकलत, पाऊल टाकत, ती घरभर फिरली. इतक्या महिन्यांत तिनं आपलं स्वयंपाकघर पाहिलं नव्हतं. डबे दुसऱ्याच क्रमानं लावलेले होते. मसाल्यांच्या बाटल्यांवर चंद्रकांतच्या नेटक्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या. मीठ कुठं ठेवलंय ते तिला शोधावं लागलं.

संध्याकाळी त्याला तांबड्या फरशीवर खुर्चीच्या पायांचे ओरखडे दिसले. तो रागावला नाही. खाली बसला आणि रडला. अगदी खरं रडला, नाकातून पाणी येईपर्यंत. "माझ्या जिवाला किती घोर लावशील?" म्हणाला. नीलानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिला वाटलं, आता बोलेल. इतकं रडू आलंय तर आता आतलं बाहेर येईल. त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "भाजी काय करू?"

वॉकर माळ्यावरच राहिला. नीला रोज दुपारी खुर्ची ढकलत राहिली. आठवड्यांमागून आठवडे फरशी ओरखड्यांनी भरत गेली आणि त्यावर दोघांपैकी कुणी काही बोललं नाही. मग काठी आली. मग जिना. जिना ती बसून उतरायला शिकली, नंतर उभी. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन तिनं स्वतः कोथिंबीर आणली, तर शेजारीण धावत आली, "अय्यो, साहेब घरी नाहीत का?"

नोकरी कारखान्यानं ठेवली होती, बिनपगारी रजेवर. पंच्याण्णवच्या जुलैत नीला कामावर गेली. बसच्या पहिल्या पायरीची उंची तिनं आधी कधी पाहिलीच नव्हती. खुबा तेवढा वाकत नव्हता. एक हात दांड्याला, काठी दंडाला अडकवलेली, मागून माणसं रेटतायत, कंडक्टर ओरडतोय. पण चढली. ड्रॉइंग ऑफिसात पोचली तर बोर्ड नव्हते. तिथं संगणक आले होते आणि त्यांच्यापुढं नवी पोरं बसली होती. तिचा तिरका बोर्ड, टी-स्क्वेअर, शाईची पेनं, सगळं मागच्या शेडमध्ये गेलं होतं. सेक्शनचे प्रमुख भले होते. म्हणाले, शिकायला वेळ लागेल मॅडम, तुमची तब्येतही अशी, तोवर टपालाचं टेबल सांभाळा. तिच्या रेघेला सगळ्या ऑफिसात तोड नव्हती. आता ती पाकिटांवर शिक्के मारू लागली. घरी येऊन चंद्रकांतला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी सांगत होतो. घरी बसलीस तरी चाललं असतं."

त्या वर्षी गणपतीत मंडळानं चंद्रकांतचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. नीलाला पहिल्या रांगेत बसवलं होतं, डावा पाय पुढं ताठ, साडीखालून कॅलिपरची पट्टी दिसत होती. सुनंदाताईंनी भाषणात सावित्रीची गोष्ट उलटी करून सांगितली, की इथं सत्यवानानंच सावित्रीला यमाच्या दारातून आणलं. टाळ्या पडल्या. मग चंद्रकांत बोलायला उभा राहिला. तो चांगला बोलायचा. म्हणाला, मी काही विशेष केलं नाही. म्हणाला, त्या मुक्या जिवाला वाचवताना माझ्या अर्धांगिनीला किंमत मोजावी लागली, पण ते पिल्लू जिवंत आहे हे समाधान आम्हा दोघांना आहे. दोघांना, असं म्हणताना त्यानं तिच्याकडं हात केला. सभागृह तिच्याकडं बघू लागलं. नीलानं मान हलवली. हलवावीच लागली.

घरी आल्यावर त्यानं शाल घडी करून कपाटात ठेवली. नीला खुर्चीत बसून पट्ट्या सोडत होती.

"अहो, एक विचारू? कुत्रं कुठं होतं?"

"म्हणजे?"

"सर्जापूर रोडला. कुठं होतं कुत्रं?"

चंद्रकांतनं कपाट बंद केलं. "आता ह्या वेळेला हे काय काढलंस?"

"लोकांत नाही म्हणत मी. लोकांना काय सांगायचं ते सांगा. माझ्यापाशी एकदा म्हणा. मी म्हटलं होतं, गाडी येतेय. तुम्ही मागं वळून बघितलंत. चूक झाली म्हणा, संपलं. मी पुन्हा नाव काढणार नाही."

"तुझं इतकं केलं ते कमी पडलं का?"

"केलंत. त्याबद्दल नाही बोलत."

"मग कशाबद्दल बोलतेस? कुत्रं होतं, नीला. तू माझ्या मागं होतीस, तुला कसं दिसणार?"

ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. तो खोटं बोलताना खालचा ओठ आत ओढतो, हे तिला लग्नापासून माहीत होतं. ओठ जिथल्या तिथं होता. तो खोटं बोलत नव्हता. इतक्या वेळा सांगून त्याला ते कुत्रं दिसलं होतं, कानावरच्या डागासकट. ज्याची ती दीड वर्ष वाट पाहत होती, ते सांगणारा माणूसच आता घरात नव्हता.

दिवाळीच्या आधी तिनं खोली बघितली. ऑफिसातल्या एकीनं पत्ता दिला. चामराजपेटेत आप्पाजी आणि सकवारबाई लाड म्हणून म्हातारं जोडपं होतं, चार पिढ्या इथंच गेलेलं. तळमजल्यावर खोली, दोनच पायऱ्या, बसथांबा जवळ. सकवारबाईंनी तिच्या काठीकडं आणि गळ्यातल्या मंगळसूत्राकडं बघितलं. "एकटीच काय, अक्का?" "एकटीच." "सरी, बरं," त्या म्हणाल्या आणि किल्ली दिली. दोन दिवसांनी सगळ्या गल्लीला माहीत होतं.

चंद्रकांत आडवा आला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "लोकांना काय सांगू?" नीला म्हणाली, "सुचेल तुम्हाला." निघताना आपण हे बोलायला नको होतं, असं तिला नंतर बसमध्ये वाटलं.

मंडळात ती एकदाच गेली, संक्रांतीला. तिळगूळ दिला सगळ्यांनी, गोड बोला म्हणालं कुणीच नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुग्धा आली. सुट्टीत ती बापाकडं उतरली होती आणि परत जायच्या दिवशी आईकडं आली. खोलीभर नजर फिरवली. खाट, स्टोव्ह, दोरीवरचे कपडे. बसली नाही.

"बाबा वजनानं निम्मे झालेत," ती म्हणाली.

"जेवतात का नीट?"

"तुला काय त्याचं? आई, मी खूप समजून घ्यायचा प्रयत्न केला. ते तुला मारतात का? पितात का? त्यांनी तुझं जे केलं ते मी केलं नसतं. खरंच सांगते, मला जमलं नसतं."

मग नीलानं तिला सांगितलं. लॉरी, बस, वळलेली मान. मुग्धानं ऐकून घेतलं. खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"बरं," ती म्हणाली. "समजा तसंच झालं. चूक झाली त्यांची. मग दीड वर्ष फेडली ना ती? आणखी कशी फेडायची असते?"

"फेडली असती तर मी तिथंच राहिले असते, मुग्धा. फेडणाऱ्याला माहीत असतं आपण फेडतोय ते. त्यांनी माझ्यावर उपकार केले. मला चूक माफ करता आली असती गं. उपकार जन्मभर कसे घेऊ?"

"शब्द आहेत हे सगळे." मुग्धाचा आवाज चिरका झाला. "एक वाक्य ते बोलले नाहीत म्हणून तू घर मोडलंस."

नीलाला ह्यावर पुष्कळ बोलता आलं असतं. माळ्यावरचा वॉकर होता, सभागृहातली मान होती. पण मुलीचे डोळे तंतोतंत बापाचे होते, ठाम आणि भरून आलेले.

मुग्धा पिशवी उचलायला वाकली तेव्हा तिचं लक्ष आईच्या डाव्या पायाकडं गेलं. घरात असल्यामुळं कॅलिपर काढलेला होता. पंजा एका बाजूला कलंडला होता आणि त्याची नखं वाढून पिवळी, वाकडी झाली होती. अंगठ्याचं तर मांसात शिरू लागलं होतं.

"नखं का कापत नाहीस?"

"हात पोचत नाही. खुबा वाकत नाही तेवढा."

"मग तिकडं?"

"तिकडं बाबा कापायचे."

मुग्धा थोडा वेळ तशीच वाकून उभी राहिली. नीलाला वाटलं, आता ही खाली बसेल. पाय जरासा पुढं सरकलादेखील तिच्या नकळत. मुग्धानं पिशवी खांद्याला लावली. "गाडी आहे साडेचारची," म्हणाली, आणि नमस्कार न करता गेली. तिच्या चपलांचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू आला. चाल भराभर होती, तरण्या पायांची.

सकवारबाई दारातून डोकावल्या. "मुलगी होय, अक्का? स्वल्प कॉफी तरी द्यायची."

"घाईत होती," नीला म्हणाली.

त्या गेल्यावर तिनं दार लोटलं. डबा पालथा घालून त्यावर डावा पाय ठेवला आणि नेलकटर घेऊन वाकली. खुब्यात कळ उठली तरी वाकली, श्वास धरून, बोटं लांबवून. करंगळी हाताला लागली. तिच्या शेजारचंही जमलं, वाकडंतिकडं, थोडं रक्त आलं. अंगठा राहिला. ती सरळ झाली, पाठीला भिंत लावून दम खाल्ला आणि पुन्हा वाकली. बोटाची टोकं अंगठ्याच्या अलीकडंच थांबत होती.